मधल्या पाण्यातली पोर

गेल्या रविवारी बंगळुरूहून भाचीचा फोन आला. सौ.चे माहेर धारवाडचे, त्यामुळे आत्या-भाचीचे बोलणे कानडीत चालते. बऱ्याच वर्षांच्या संसारानंतर मलाही ते समजते. पोर रडत होती. डॉक्टरेट होऊन दोन वर्षे झाली, पण कायम जागा नाही. क्षयाच्या जंतूवर औषध कसे लागू पडते, याचे गणित ती मांडते. जीवशास्त्रवाले म्हणतात, ही गणिताची. गणितवाले म्हणतात, ही जीवशास्त्राची. त्यात शिष्यवृत्ती अडकलेली आणि घरी लग्नाची घाई!

आमच्या सावरगावात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमार असते. जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवतात. एका काठावर आम्ही, दुसऱ्यावर पांढुर्णा. मधल्या पाण्यात शिरणाऱ्याचे काय हाल होतात, ते मी लहानपणापासून पाहतो आहे. दोन शास्त्रांच्या मध्ये उभ्या राहणाऱ्या मुलांची गत काही वेगळी नाही.

अशा वेळी मला कमला सोहोनी आठवतात. जन्म इंदूरचा, माहेरच्या भागवत. लेखिका दुर्गाबाई भागवत यांच्या भगिनी. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठात पहिल्या येऊनही बंगळुरूच्या विज्ञान संस्थेत सर सी. व्ही. रामन यांनी त्यांना प्रवेश नाकारला. कारण एकच, त्या स्त्री होत्या. कमलाबाई हटल्या नाहीत. शेवटी प्रवेश मिळाला, पण पहिले वर्ष परीक्षेचे. तेथे श्रीनिवासय्या या गुरूंनी त्यांना मनापासून घडवले. दूध आणि कडधान्यांतील प्रथिनांवरचे त्यांचे काम पाहून रामन यांचेही मत बदलले. पुढे १९३९ मध्ये त्या केंब्रिजच्या पीएच.डी. झाल्या. रसायन, आहार आणि आरोग्य यांची सांगड घालून त्यांनी नीरेवर जे संशोधन केले, त्याला राष्ट्रपतींचे पारितोषिक मिळाले.

बुद्धी त्यांची होतीच. पण वडील आणि काका दोघेही त्याच संस्थेत शिकलेले रसायनशास्त्रज्ञ होते. या वाटेला किती वर्षे लागतात, हे त्या घराला ठाऊक होते. आपल्या घरांना ते ठाऊक नसते, म्हणून आपण दर दिवाळीला विचारतो, ‘अजून शिकतेच आहेस?’

आता आधाराच्या सोयी वाढल्या आहेत. केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग आणि ब्रिटनचा वेलकम ट्रस्ट मिळून २००८-०९ पासून तरुण जैववैद्यकीय संशोधकांना पाठ्यवृत्ती देतात. २०२५ मध्ये त्याच्या तिसऱ्या टप्प्याला मंजुरी मिळाली. पण अर्ज करायला, नकार पचवून पुन्हा अर्ज करायला मन थाऱ्यावर लागते. ते काम घरच्यांचे. चार महिने घरभाडे भरता आले तर भरावे. निदान लग्नाचा विषय तरी वर्षभर काढू नये.

त्या रविवारी सौ. भाचीला म्हणाली, “स्वल्प ताळु.” थोडा धीर धर. फोन ठेवून तिने लगेच धारवाडला भावजयीला लावला आणि तेच दोन शब्द तिलाही सांगितले. माझ्या मते खरी गरज त्या दुसऱ्या फोनची होती.