मदुरी आणि फिलिपिनो : भाषिक नात्याचा पुरावा कोठे शोधावा?

प्रास्ताविक :
भाषाविज्ञानाच्या अध्यापनात ‘भाषाकुल’ ही संकल्पना स्पष्ट करताना आपली उदाहरणे बहुधा इंडो-युरोपीय कुलापुरतीच मर्यादित राहतात. संस्कृत ‘पितृ’ आणि लॅटिन ‘पातेर’ ही जोडी फळ्यावर लिहिली, की शब्द सारखे दिसले म्हणजे भाषा एका कुलातल्या, असा सोयीचा समज विद्यार्थी करून घेतात. हा समज तपासण्यासाठी प्रस्तुत लेखात मदुरी आणि फिलिपिनो या दोन भाषांची तुलना केली आहे. या भाषांत असे काही समान शब्द आहेत, जे मराठी वाचकालाही ओळखीचे वाटतात. आणि नेमके तेच शब्द नात्याचा पुरावा ठरत नाहीत.

दोन्ही भाषांचा परिचय :
मदुरी ही इंडोनेशियातील मदुरा बेटाची आणि पूर्व जावाच्या बऱ्याच भागाची भाषा होय. २०१० च्या जनगणनेत मदुरी समाजाची संख्या सुमारे ७२ लाख होती. फिलिपिनो ही मनिला परिसरातील तागालोग भाषेवर उभी राहिलेली फिलिपाइन्सची राष्ट्रभाषा होय. दोन्ही भाषा ऑस्ट्रोनेशियन कुलाच्या मलायो-पॉलिनेशियन शाखेत मोडतात. मादागास्करपासून ईस्टर बेटापर्यंत पसरलेल्या या कुलात हजाराहून अधिक भाषा आहेत. जर्मन अभ्यासक ओटो डेम्पवोल्फ यांनी १९३४ ते १९३८ या काळात या कुलाच्या मूळ शब्दसंग्रहाची पुनर्रचना केली. तिच्या पायाभूत भाषांत तागालोगचा समावेश होता.

शब्दसाम्य : वारसा आणि उसनवारी :
फिलिपिनोत शिक्षकाला ‘गुरो’ म्हणतात, तर मदुरीत ‘घुरू’. फिलिपिनोत चेहऱ्याला ‘मुखा’ म्हणतात आणि मदुरीत भाषेला ‘भासा’. हे सर्व शब्द मूळ संस्कृत असून व्यापार व संस्कृतिसंपर्कातून, मुख्यतः मलय व जावी भाषांच्या वाटेने, तेथे पोहोचले. ते संपर्काचे साक्षीदार आहेत, रक्ताच्या नात्याचे नव्हेत.

वारशाचा पुरावा संख्यावाचकांत सापडतो. फिलिपिनोतील आपात (४), लिमा (५), आनिम (६), पितो (७), वालो (८) यांची मदुरी रूपे अनुक्रमे अम्पा, लेमा, अन्नम, पेत्तो, बल्लू अशी आहेत. येथे महत्त्वाचे आहे ते साम्य नव्हे, तर फरकामागील नियमितता. ‘अन्नम’, ‘पेत्तो’, ‘बल्लू’ या रूपांत मधले व्यंजन द्वित्त झाले आहे. ‘वालो’तील ‘व’च्या जागी मदुरीत ‘ब’ आला आहे आणि तोही अपघाताने नाही. जावी भाषेतील ‘सावाह’ (भातशेत) हा शब्दही मदुरीत ‘साबा’ होतो. नियमाने घडलेला भेद हा नात्याचा अधिक भक्कम पुरावा असतो.

क्रियापदरचना : उसना शब्द, वारशाचे व्याकरण :
‘वाचणे’ या अर्थाचा धातू फिलिपिनोत ‘बासा’, तर मदुरीत ‘बचा’ (यातील ‘च’ ‘चहा’तल्यासारखा) असा आहे. अभ्यासक त्याचे मूळ संस्कृत ‘वाच्’मध्ये पाहतात. मराठी ‘वाचणे’ही त्याच मुळाचे. म्हणजे शब्द उसना आहे. मात्र त्याला जे व्याकरण लागले ते उसने नाही. फिलिपिनोत कर्त्याला प्राधान्य असता ‘बुमासा’ (बुमासा नाङ लिब्रो आङ बाता : मुलाने पुस्तक वाचले) आणि कर्माला प्राधान्य असता ‘बिनासा’ (बिनासा नाङ बाता आङ लिब्रो : ते पुस्तक मुलाने वाचले) असे रूप होते. मदुरीत याच कामासाठी ‘माचा’ आणि ‘एबचा’ ही रूपे आहेत. मराठीतील ‘वाचले गेले’ या रचनेत कर्ता मागे सारला जातो. या दोन भाषांत मात्र दोन्ही प्रयोग समान दर्जाचे असतात. फिलिपिनोत स्थळ व लाभार्थी यांच्यासाठीही स्वतंत्र रूपे आहेत. मदुरीने ही व्यवस्था मुख्यतः दोन प्रयोगांवर आणली आहे.

‘बचा’चे ‘माचा’ होताना ‘ब’ लोपून अनुनासिक ‘म’ आला. फिलिपिनोतही ‘बिली’ (विकत घेणे) पासून ‘मामिली’ (खरेदी करणे) होताना हेच घडते. हा अनुनासिक उपसर्ग दोहोंचा सामाईक वारसा आहे. शिवाय ‘बचा’ आणि ‘माचा’ यांतील पहिला स्वरही वेगळा आहे. मदुरीत स्वराची उंची आधीच्या व्यंजनावर अवलंबून असते. घोष व महाप्राण स्पर्शांनंतर स्वर उंचावतो. महाप्राण आणि मूर्धन्य व्यंजने मदुरीत आहेत, फिलिपिनोत नाहीत. वाक्यरचनेतही फिलिपिनो क्रियापदाने आरंभ करते, तर मदुरीत सामान्यतः कर्ता आधी येतो.

आदरार्थ आणि भाषेचा दर्जा :
फिलिपिनोत ‘पो’ या अव्ययाने आणि अनेकवचनी सर्वनामांनी आदर व्यक्त होतो. मदुरीत मात्र आदराच्या पातळीनुसार शब्दच बदलतात. या पातळ्यांची नावेही ‘हो’ व ‘नाही’ या शब्दांवरून पडली आहेत : सलगीची ‘एन्जा-इया’, तर आदराची ‘एङ्घी-भुन्तेन’. यात जावी दरबारी परंपरेचा प्रभाव स्पष्ट दिसतो.

या भाषांची सार्वजनिक वाटचालही भिन्न झाली. तागालोगला १९३७ मध्ये राष्ट्रभाषेचा आधार म्हणून मान्यता मिळाली आणि १९८७ च्या संविधानाने ‘फिलिपिनो’ हे नाव राष्ट्रभाषेसाठी निश्चित केले. इंडोनेशियात १९२८ च्या युवक-प्रतिज्ञेपासून मलयवर आधारित इंडोनेशियन भाषेचा पुरस्कार झाला. मदुरी प्रादेशिक भाषा राहिली. एकीला राष्ट्रभाषापद लाभले आणि दुसरीला नाही, याचे कारण व्याकरणात नसून इतिहासात आहे.

समारोप :
वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, सारख्या दिसणाऱ्या शब्दांपेक्षा नियमित ध्वनिभेद आणि रूपरचना हेच भाषिक नात्याचे विश्वसनीय पुरावे होत. ‘बुमासा’ आणि ‘माचा’ ही जोडी वर्गात मांडली, तर उसनवारी आणि वारसा या दोन्ही संकल्पना एकाच उदाहरणातून स्पष्ट होतील. ‘वाचणे’ या आपल्या नेहमीच्या क्रियापदापासून आरंभ करता येत असल्याने मराठी विद्यार्थ्याला ते उदाहरण परकेही वाटणार नाही.