मायक्रोवेव्हमधला भात: कडा गरम, मध्य गार

मी जोगेश्वरीहून बोलतोय. रात्री उशिराच्या लोकलने घरी येऊन उरलेला भात मायक्रोवेव्हमध्ये ठेवताय? मग ऐका. या लहरी अन्नात जेमतेम दोन-तीन सेंटिमीटर शिरतात. मधला भाग कडेच्या उष्णतेने हळूहळू तापतो. म्हणून भात स्टीलच्या डब्यातून काचेच्या भांड्यात काढून पसरा, पाण्याचा हबका मारा, सैल झाकण ठेवा. अर्ध्यावर ढवळा, शेवटी दोन मिनिटं थांबा. मधोमध ७४ अंश सेल्सिअस, म्हणजे वाफाळता हवा.

आणि दिवसभर ओट्यावर राहिलेला भात? टाकूनच द्या. त्यात ‘बॅसिलस सेरियस’ या जिवाणूचं विष तयार झालेलं असू शकतं आणि ते १२१ अंशांनाही टिकतं. मुंबईच्या उकाड्यात उरलेला भात तासाभरात फ्रिजमध्ये गेलेला बरा.