हत्तीच्या पोटात पाकट

यवतमाळहून समुद्र गाठायचा तर कुठे जायचं? कोकणात, असंच तुम्ही म्हणणार. पण नकाशावर आपल्या नदीची वाट बघा. पैनगंगेचं पाणी वर्धा, प्राणहिता, गोदावरी असं करत पूर्वेच्या समुद्रात, बंगालच्या उपसागरात जातं! आणि वणी-मुकुटबनकडे सिमेंटसाठी जी चुनखडी काढतात ना, ती तर समुद्राच्याच तळाशी साचलेली आहे. म्हणजे एके काळी समुद्र इथेच होता! मात्र तो इतका जुना की तेव्हा पृथ्वीवर एकही मासा जन्माला आलेला नव्हता. मग माणूस कुठला असायला?

समुद्र डोळ्यांनी बघून तो दगडात कोरणारी माणसं भेटतात ती कोकणात. रत्नागिरी जिल्ह्यात, राजापूर तालुक्यात कशेळी नावाचं गाव आहे. तिथल्या सड्यावर, म्हणजे उघड्या खडकाळ माळावर, एक हत्ती कोरलेला आहे. सुमारे १८ मीटर बाय १३ मीटरचा! एसटीची लाल गाडी त्यात आरामात उभी राहील. आणि खरी गंमत आहे त्या हत्तीच्या आत. रानातले प्राणी, पक्षी यांची कितीतरी चित्रं तिथे दाटीवाटीने कोरली आहेत आणि त्यांच्यातच आहेत शार्क आणि पाकट. हत्तीच्या पोटात मासे!

पाकट तुम्ही कदाचित पाहिला नसेल. अंग चपटं, दोन्ही बाजूंना रुंद पसरलेले पर आणि मागे लांबलचक बारीक शेपूट. वाळूत दबून बसतो, पाय पडला तर शेपटीचा विषारी काटा मारतो. त्याचा हा पसरट आकार नीट कळायचा तर त्याला वरून बघावं लागतं, उथळ पाण्यात तरी किंवा पकडून किनाऱ्यावर आणल्यावर तरी. ऐकीव माहितीवर असं चित्र जमत नाही. कोरणारा माणूस पाकटाला चांगलाच ओळखून होता.

या चित्रांना कातळशिल्पं म्हणतात. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे यांच्यासारख्या शोधकांनी गावोगावचे सडे पायी तुडवून ती शेकड्यांनी शोधली. काही ठिकाणी गावकरी म्हणायचे, ही तर पांडवांनी कोरली! पण चित्रंच थोडं वेगळं सांगतात. त्यांत शिकारीचे प्राणी भरपूर आहेत, शेतीचं चित्र मात्र सापडत नाही. म्हणून अभ्यासकांना वाटतं की ही माणसं शेती सुरू होण्याच्या आधीची, शिकार आणि मासेमारीवर जगणारी असावीत. सुमारे १२,००० वर्षांपूर्वीची, असा एक अंदाज आहे.

आता दगडाकडे बघू. आपली काळी कापसाची माती आणि कोकणातला तांबडा जांभा, दोघांचा जन्म एकाच कुळातल्या दगडातून झाला. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी ज्वालामुखीच्या लाव्ह्यातून थंड झालेला काळा बेसाल्ट! आपल्याकडे पाऊस बेताचा, म्हणून त्या दगडाची झाली काळी माती. कोकणात पाऊस धो धो. त्याने दगडातली सिलिका आणि चुना हजारो-लाखो वर्षं धुऊन नेला आणि मागे लोह, ॲल्युमिनियम उरलं. लोह गंजलं, दगड तांबडा झाला. ताजा खणलेला जांभा मऊ असतो, पण हवा लागली की टणक होतो. सड्याचा वरचा थर तर भलताच कडक. त्यावर १८ मीटरचा हत्ती रेखायचा म्हणजे किती दिवस ठोकत बसले असतील! आणि तेही जमिनीवर उभं राहून पूर्ण हत्ती एका नजरेत दिसत नसताना. मला सगळ्यात जास्त नवल वाटतं ते याचंच.

असंच काम ऑस्ट्रेलियातही आहे. सिडनीजवळच्या कु-रिंग-गाय चेस उद्यानात तिथल्या आदिवासींनी वालुकाश्मावर मासे आणि देवमासे कोरलेत. आधी टोकदार दगडाने छिद्रांची ओळ पाडायची, मग छिद्रं जोडून चर करायचा. त्यांचे वंशज आजही तिथे आहेत आणि ते समुद्राला आपल्या मुलखाचाच भाग मानतात. कोकणातल्या कलाकारांचे वंशज कोण, हे मात्र सांगता येत नाही.

त्यांचा किनारासुद्धा आज दिसत नाही. हिमयुग ऐन भरात होतं, म्हणजे सुमारे २०,००० वर्षांपूर्वी, तेव्हा पुष्कळ पाणी बर्फात अडकलेलं होतं आणि समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होता. मग बर्फ वितळत गेला, पाणी वर चढलं. १२,००० वर्षांचा अंदाज खरा असेल, तर ज्या वाळूत त्यांनी पाकट धरले ती आता अरबी समुद्राखाली आहे.

२०२२ मध्ये कोकण आणि गोव्यातली नऊ कातळशिल्पस्थळं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. नेमकं वय ठरवणं मात्र अवघड, कारण नुसत्या खोदलेल्या रेषेत कोळसा नाही की हाड नाही, मग तपासायचं काय? म्हणून संशोधक आसपासच्या जागा उकरतात. सिंधुदुर्गातल्या कोळोशीच्या गुहेत त्यांना जुनी दगडी हत्यारं मिळाली आहेत.