गुडघा बदलला, मांडीचे काय?

गुडघ्याच्या सांधारोपणाचा विषय निघाला की घरात चर्चा होते ती सांध्याची: कोणत्या कंपनीचा, किती वर्षे टिकणारा, केवढ्याला पडणारा. हा हिशेब आता पूर्वीइतका अवघड राहिलेला नाही. राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने १६ ऑगस्ट २०१७ रोजी कृत्रिम गुडघ्यांच्या किमतींवर मर्यादा घातली. त्यामुळे सर्वाधिक वापरला जाणारा, दीड लाखाच्या घरातला कोबाल्ट-क्रोमियमचा सांधा जीएसटी वगळून ५४,७२० रुपयांवर आला. टिकाऊपणाचीही फारशी धास्ती नको. ‘लॅन्सेट’मध्ये २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणानुसार संपूर्ण सांधारोपणातले सुमारे ८२ टक्के गुडघे २५ वर्षे टिकतात. मात्र सांधा शाबूत असणे वेगळे आणि माणूस हिंडता-फिरता होणे वेगळे. कॅनडातल्या २०१०च्या एका मोठ्या पाहणीत पाचपैकी जवळपास एक रुग्ण शस्त्रक्रियेनंतर समाधानी नव्हता. याची कारणे अनेक आहेत. त्यातली दोन बऱ्याच अंशी आपल्या हातात आहेत. मांडीचा स्नायू पुन्हा घडवणे हे एक, आणि सांध्याकडून नेमके काय मागायचे हे आधी ठरवणे हे दुसरे.

शस्त्रक्रियेत हाडांचे झिजलेले पृष्ठभाग काढून तिथे धातू आणि प्लास्टिक बसते. दुखण्याचे मूळ जाते, पण गुडघा सरळ करणारा मांडीच्या पुढचा स्नायू त्यामुळे बळकट होत नाही. उलट पहिल्या महिन्यात त्याची ताकद शस्त्रक्रियेआधीच्या निम्म्याहूनही खाली येते, असे मोजमापातून दिसले आहे. सूज आणि वेदना यांमुळे मेंदूच त्या स्नायूला पुरती आज्ञा देत नाही. म्हणून गुडघ्याची मागची बाजू गादीवर दाबून मांडी आवळणे, सरळ पाय उचलणे, टाच सरकवत गुडघा वाकवणे हे वरवर क्षुल्लक वाटणारे व्यायाम उपचाराचाच भाग आहेत. वाकण्याइतकेच पाय पूर्ण सरळ होण्याला महत्त्व आहे. आराम मिळावा म्हणून घरचे लोक गुडघ्याखाली उशी ठेवतात. ती तशीच राहिली तर पाय किंचित वाकलेलाच आखडतो आणि माणूस पुढे कायम लंगडतो. उशी ठेवायचीच तर टाचेखाली ठेवावी.

यावर जालना जिल्ह्यातल्या अंबड किंवा घनसावंगीच्या शेतकरी घरातला आक्षेप सरळ आहे: जन्मभर रानात राबलेल्या माणसाला वेगळा व्यायाम कशाला? आक्षेपात तथ्य आहे. कष्टाची सवय उपयोगी पडतेच. पण दुखरा गुडघा असलेला माणूस शस्त्रक्रियेच्या कितीतरी आधीपासून त्या पायावर भार टाकायचे टाळत असतो आणि सगळे काम दुसऱ्या पायाकडून करून घेतो. ही सवय शस्त्रक्रियेनंतर आपोआप जात नाही. नुसते चालत राहिले तर चांगला पाय अधिक राबतो आणि नवा पाय मागेच पडतो. त्यामुळे काम सुरू होण्याआधी त्या एका मांडीला स्वतंत्र मेहनत द्यावी लागते.

दुसरा आक्षेप अंतराचा आणि पैशाचा आहे. मंठा किंवा जाफराबादच्या खेड्यातून रोज फिजिओथेरपिस्टकडे कोण नेणार? याचे उत्तर सिडनीतल्या एका चाचणीत सापडते. ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकाने तिचे निष्कर्ष २०१७ साली छापले. १६५ रुग्णांपैकी काहींना दहा दिवस रुग्णालयात ठेवून पुनर्वसन दिले, बाकीच्यांना देखरेखीखालचा घरचा कार्यक्रम दिला. सहा महिन्यांनी सहा मिनिटांत कापलेल्या अंतरात दोन्ही गटांत फरक आढळला नाही. म्हणजे घरी व्यायाम चालतो; मात्र तो शिकवलेला, लिहून दिलेला आणि अधूनमधून तपासलेला हवा. ‘घरी करा’ एवढेच सांगून रुग्णाला वाटेला लावणे म्हणजे घरचा कार्यक्रम नव्हे.

आता मागणीचा प्रश्न. जिने आणि खुर्ची यांना नव्वद ते एकशे पाच अंश वाकणारा गुडघा पुरतो. उकिडवे बसायला त्याहून बरेच जास्त लागते. त्यामुळे ‘शेतात परत जाता येईल का’ या प्रश्नाला एकच उत्तर नाही. कापूस वेचणी उभ्याने होते, बांधावरून फेरी मारता येते, राजूरच्या गणपतीला चालत जाण्याचे ध्येयही सवडीने ठेवता येते. उकिडवे बसून खुरपणी मात्र बहुतेकांनी सोडावी, आणि घरात कमोडची सोय आधीच करावी. वेळेचेही गणित आहे. शस्त्रक्रिया फेब्रुवारीत झाली तर मृगापर्यंत चार महिने मिळतात. चालणे-फिरणे तोवर बरेच सावरते. पण स्नायूंची पूर्ण ताकद यायला वर्षही लागू शकते, तेव्हा पेरणीच्या धावपळीत त्या माणसाला गृहीत धरू नये.

‘जास्त वापरला तर सांधा झिजेल’ ही भीती उरतेच. उड्या, धावणे, जड ओझी यांबाबत ती रास्त आहे. चालणे आणि सायकल यांबाबत नाही. निजून राहण्याचे धोके अधिक खरे आहेत, कारण पायात रक्ताची गाठ होण्याची शक्यता वाढते. पोटरी सुजली, दुखू लागली किंवा एकाएकी दम लागला तर तातडीने डॉक्टर गाठावा. मग व्यायामानेच भागत असेल तर शस्त्रक्रिया कशाला? डेन्मार्कमधल्या २०१५च्या चाचणीत शस्त्रक्रियेने जास्त गुण आला. पण केवळ व्यायाम, आहार, औषधे अशा उपचारांवर ठेवलेल्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश रुग्णांना वर्षभरात शस्त्रक्रियेची गरज भासली नाही. आधी केलेला व्यायाम कोणत्याही वाटेने वाया जात नाही.

म्हणून सांध्याची किंमत विचारताना तीन प्रश्न आणखी विचारावेत: व्यायाम कोण शिकवणार, तपासणीच्या तारखा कोणत्या, आणि माझ्या रोजच्या कामांपैकी कोणते जमेल, कोणते नाही. ही उत्तरे सुट्टीच्या कागदावर लेखी देणे हे रुग्णालयांचे काम आहे, आणि पहिले तीन महिने घरातल्या एकाने व्यायामासाठी रोज वेळ काढणे हे कुटुंबाचे. खर्चाच्या अंदाजात हे दोन्ही धरले नसेल, तर तो अंदाज अर्ध्याच उपचाराचा आहे.