प्रवेश सुरू आहे!

मुलगा बारावीच्या परीक्षेला बसला, की घरातला टेलिफोन एकाएकी बोलका होतो. कधी नावही न ऐकलेल्या संस्थेतून गोड आवाज येतो, "चिरंजीवांचा पुढे काय विचार आहे?" चिरंजीवांचा विचार खुद्द चिरंजीवांना ठाऊक नसतो, पण त्या आवाजाला तो पक्का ठाऊक असतो.

वाचकहो, त्या आवाजाचा एक धनी मी आहे. पुण्याहून पौडकडे निघाले, की चांदणी चौक ओलांडल्यावर भूगाव लागते. तेथील एका खाजगी शिक्षणसंस्थेच्या प्रवेश विभागात मी सहा वर्षे नोकरी करीत आहे. माझा हुद्दा 'समुपदेशक'. शब्द भारदस्त आहे. लग्नाच्या पंगतीत सांगायला शोभतो. काम मात्र वेगळे आहे आणि ते तुम्हाला माहीत असावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

रोज सकाळी माझ्यापुढे नावांची यादी येते. त्यातल्या प्रत्येक नावाला आमच्या भाषेत 'लीड' म्हणतात. शैक्षणिक मेळाव्यात तुम्ही चिठ्ठीवर नंबर लिहून दिलात, किंवा फी किती हे पाहण्यासाठी संकेतस्थळावर नाव भरलेत, की झाला लीडचा जन्म! मग त्याची प्रतवारी होते: गरम, कोमट आणि थंड. गरमाला दिवसातून दोनदा फोन, कोमटाला एक दिवसाआड, आणि थंड पडलेल्या निखाऱ्यावर "शिष्यवृत्तीची मुदत उद्या संपते हो" अशी एक फुंकर. "आता चारच जागा उरल्या" हे वाक्य मे महिन्यात जन्माला येते. ऑगस्ट उजाडला तरी त्या चार जागा चारच असतात!

प्रत्येक समुपदेशकाला महिन्याचे 'टार्गेट' असते. अमुक प्रवेश झाले तर पगारावर बक्षिसी. न झाले तर साहेबांच्या खोलीत बोलावणे. बाहेरगावचे काही मध्यस्थ मुलामागे दलाली घेतात. म्हणजे सल्ला देणाऱ्याचे पोट तुमच्या 'हो'वर चालते. 'नाही' म्हणणाऱ्या पालकाचे आम्हाला काहीच मिळत नाही. सारी मेख येथे आहे.

आता कोणी म्हणेल, शिक्षण हा काय धंदा आहे? कायद्याने तो नाहीच. आपल्या देशात नफ्यासाठी विद्यापीठ काढता येत नाही. मागे विश्वस्त संस्था किंवा तशीच ना-नफा मंडळी उभी लागते. १९८३ साली, वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना, महाराष्ट्राने विनाअनुदान अभियांत्रिकी महाविद्यालयांना दार उघडले. कर्नाटकाकडे धावणारी आपली मुले घरी राहिली, हे त्या धोरणाचे श्रेय. पण मागोमाग देणग्यांचा सुकाळ झाला आणि १९८७ साली राज्याला कॅपिटेशन फी बंद करणारा कायदा करावा लागला. २००२ साली टी. एम. ए. पै खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की संस्थेने वाढीसाठी वाजवी शिल्लक ठेवावी, नफेखोरी करू नये. शिल्लक कोठे संपते आणि नफेखोरी कोठे सुरू होते, ही रेघ मात्र पाण्यावर ओढल्यासारखी आहे.

अमेरिकेत नफ्यासाठी महाविद्यालय काढायला कायद्याची आडकाठी नाही. तिकडे काय झाले पाहा. १९९२ सालीच तेथील काँग्रेसने प्रवेशामागे बक्षिसी देण्यावर बंदी घातली. २००२ मध्ये तिला पळवाटा ठेवल्या गेल्या. २०१२ साली सिनेटच्या समितीने अशा ३० कंपन्यांचा अहवाल काढला. २०१० साली त्यांच्याकडे विद्यार्थी गोळा करणारे नोकर होते ३५,२०२ आणि त्यांना नोकरी मिळवून देण्यास मदत करणारे ३,५१२. आत घ्यायला दहा माणसे आणि बाहेर पडताना हात द्यायला एक! हा आकडा वाचला तेव्हा आमच्या कचेरीतल्या खुर्च्या मी मनातल्या मनात मोजून पाहिल्या.

भूगावला येताना वाटेत कोथरूड लागते, आणि त्याला लागूनच जुने हिंगणे. अण्णासाहेब कर्वे आपल्या आश्रमासाठी गावोगाव फिरले, तेही दारोदारच. पण ते दात्याकडे पैसा मागत आणि तो मुलींच्या शिक्षणाला लावीत. आम्ही मुलाकडे जातो ते त्याच्या बापाच्या पैशासाठी. दार तेच, मागणे उलटे.

गेल्या जून महिन्यात मुळशी खोऱ्यातले एक शेतकरी मुलाला घेऊन आले. धोतर, टोपी, हातात प्लास्टिकची पिशवी. भाताची खाचरे विकली गेली होती. तेथे आता सदनिका उभ्या आहेत. त्या पैशात घर बांधले, मुलीचे लग्न केले आणि उरलेले मुलाच्या नावाने बँकेत ठेवलेले. आमच्या तीन वर्षांच्या पदवीची फी आणि बँकेतली शिल्लक जवळजवळ सारखी निघाली.

ते माहितीपत्रकावर बोट ठेवून म्हणाले, "सायेब, ह्ये शंभर टक्के लिवलंय, म्हंजी नोकरी लागनारच न्हवं?"

तेथे छापले होते: 'शंभर टक्के प्लेसमेंट असिस्टन्स.' मी त्यांना शेवटच्या शब्दाचा अर्थ सांगितला. मदत शंभर टक्के. नोकरीची हमी नाही. म्हातारा बराच वेळ त्या शब्दाकडे पाहत राहिला. मुलाचा ओढा हिशेबाकडे होता, म्हणून पुण्यातल्या अनुदानित महाविद्यालयातील बी. कॉम.ची फी किती असते तेही मी सांगितले. पिशवी उचलताना ते एवढेच म्हणाले, "जमीन येकदाच इकता येती, सायेब."

त्या महिन्यात माझे टार्गेट एकाने कमी पडले. माझ्याही घराचे हप्ते आहेत. असे रोज करणे मला परवडणार नाही, हे मी लपवीत नाही. म्हणूनच समुपदेशकाच्या चांगुलपणावर विसंबू नका, असे तुम्हाला सांगतो.

विसंबायचे कशावर? जाहिरातीत सर्वांत मोठे 'पॅकेज' छापतात. ते एकाच मुलाचे असते. तुम्ही 'मीडियन' पगार विचारा, म्हणजे नोकरी लागलेल्या साऱ्यांना पगाराप्रमाणे रांगेत उभे केले तर मधोमध येणाऱ्याचा. केंद्राच्या एनआयआरएफ क्रमवारीत उतरणाऱ्या संस्थांना हा आकडा द्यावा लागतो. किती मुले पदवीधर झाली आणि किती जणांना नोकरी लागली, हेही त्यात असते. क्रमवारीत भागच घेतला नसेल तर का, ते विचारा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या यादीत नाव आहे का पाहा; बनावट विद्यापीठांची यादीही आयोग प्रसिद्ध करतो. मूळ प्रमाणपत्रे तपासून लगेच परत द्यावीत, ती अडकवून ठेवू नयेत, असे आयोगाने २०१८ साली बजावले आहे. प्रवेश रद्द केल्यास फी परत मिळण्याचे नियमही आहेत. त्यांच्या तारखा त्या त्या वर्षी पाहून घ्या. आणि पैसे भरण्यापूर्वी तिसऱ्या वर्षाच्या दोन मुलांना चहाच्या टपरीवर गाठा. माहितीपत्रकाच्या चाळीस गुळगुळीत पानांपेक्षा तो अर्धा कप चहा अधिक खरे बोलतो.

शेवटी समोरच्या समुपदेशकाला न लाजता विचारा, "मी प्रवेश घेतला तर तुम्हाला काय मिळते?" कोणी हसेल, कोणी रागावेल. सरळ उत्तर देणारा भेटला, तर त्याच्या बाकीच्या बोलण्यावर थोडा विश्वास ठेवायला हरकत नाही.