खारघरची नवी चिकित्सा आणि आपले जुने मौन

सात वर्षांपूर्वीची गोष्ट. रेवदंड्याला माझ्या चुलतभावाच्या घरी पुतणीच्या विवाहाची बोलणी होती. दोन्ही घरे व्यापारी, सुसंस्कृत. देण्याघेण्याचा प्रश्नच नव्हता. बँकेतून नुकताच निवृत्त झालेला घरातील वडीलधारा म्हणून मला मध्यस्थ नेमले होते. पाहुणे येण्यापूर्वी भावाने मला माडीवर नेले आणि हळू आवाजात सांगितले, "दादा, तिच्या गोळ्यांचा विषय तेवढा काढू नका. आता बरी आहे ती." मी विषय काढला नाही. कर्ज मागायला येणाऱ्या प्रत्येकाला 'सगळी देणी लिहा, काही लपवू नका' असे आयुष्यभर बजावणारा मी त्या दिवशी गप्प बसलो.

पुतणीला ल्युपस नावाचा विकार होता. सकाळी बोटांचे सांधे आखडत, उन्हात गेले की गालांवर लाल चट्टे उठत, बारीक ताप येई, केस गळत. अशक्तपणा समजून लोहाच्या गोळ्या झाल्या, सांधेदुखी समजून तेले झाली. दोन वर्षांनी एका संधिवाततज्ज्ञांनी निदान केले व नित्य घ्यावयाची गोळी सुरू केली. ती गोळी सासरी कोणाच्या दृष्टीस पडू नये म्हणून तिने आधी चोरून घेतली आणि पुढे बंदच केली. आठ महिन्यांत पावलांना सूज आली, लघवीला फेस येऊ लागला. आजार मूत्रपिंडांपर्यंत पोहोचला होता. उपचारांनी ती सावरली, पण हे सारे टळू शकले असते. तिच्या अनुमतीनेच हे लिहीत आहे. या आजारांविषयीचे ज्ञान गेल्या काही वर्षांत किती पुढे गेले आणि आपण मात्र कोठे थांबलो आहोत, हे वाचकांपुढे मांडावे एवढाच हेतू.

स्वकीय कोण, परकीय कोण?

बँकेत धनादेश आला की अधिकारी त्यावरील सही नमुना स्वाक्षरीशी ताडून पाहतो. जुळली तर पैसे देतो, न जुळल्यास धनादेश परत करतो. आपल्या रक्तातील पांढऱ्या पेशी अहोरात्र हेच काम करीत असतात. समोरची पेशी आपली की परकी, हे तिच्या पृष्ठभागावरील खुणांवरून त्या ठरवितात व परक्या जंतूंचा नाश करतात. ही ओळख चुकली आणि त्या आपल्याच अवयवांवर उलटल्या, तर होणाऱ्या विकारांना 'ऑटोइम्यून' विकार म्हणतात. सांध्यांवर हल्ला झाला तर संधिवाताभ, रक्तातील प्लेटलेटवर झाला तर अंगावर निळे-जांभळे डाग, तांबड्या पेशींवर झाला तर कावीळ व पांडुता, आणि अनेक अवयवांवर एकाच वेळी झाला तर ल्युपस. ल्युपसच्या दर दहा रुग्णांत सुमारे नऊ स्त्रिया असतात, त्यांपैकी बहुतेक ऐन तारुण्यातील.

रक्तातील ही ओळख किती काटेकोर असते, याचा एक धडा जगाला मुंबईनेच दिला. १९५२ साली डॉ. भेंडे, डॉ. देशपांडे, डॉ. भाटिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट' या नियतकालिकात एका नव्या रक्तगटाची नोंद प्रसिद्ध केली. तोच आज जगभर 'बॉम्बे रक्तगट' म्हणून ओळखला जातो. या गटाच्या व्यक्तीच्या तांबड्या पेशींवर एक मूलभूत खूणच नसते; त्यामुळे सर्वांना चालणारे समजले जाणारे 'ओ' गटाचे रक्तही तिचे शरीर परके मानून नष्ट करते. हा दुर्मीळ गट कोकणपट्टीत, विशेषतः रत्नागिरीकडील कुटुंबांत, तुलनेने अधिक आढळला.

मग आपल्याच पेशी आपल्यावर उलटू नयेत म्हणून शरीर काय करते? याचे उत्तर शोधणाऱ्या मेरी ब्रंकॉव, फ्रेड रॅम्सडेल व शिमोन साकागुची यांना २०२५ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. साकागुची यांनी १९९५ मध्ये दाखवून दिले की पांढऱ्या पेशींमध्येच एक वर्ग असा आहे, जो इतर पेशींना आवर घालतो. इतर दोघांनी २००१ मध्ये या व्यवस्थेच्या मुळाशी असलेले जनुक शोधून काढले. आमच्या भाषेत सांगायचे तर धनादेश मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्यावरही एक अंतर्गत लेखापरीक्षक असतो. तो दुबळा पडला की घोटाळा होतो. यात रुग्णाचा दोष नसतो आणि घराण्याचाही नसतो.

रक्ताचा कर्करोग आणि ल्युपस यांचे नाते

रक्ताचा कर्करोग व ल्युपस हे आजार वरकरणी अगदी भिन्न. तथापि दोहोंत पुष्कळदा एकाच जातीच्या पांढऱ्या पेशींचा संबंध असतो. त्यांना बी-पेशी म्हणतात. या पेशींची बेसुमार वाढ झाली की काही प्रकारचे रक्ताचे व लसिकाग्रंथींचे कर्करोग होतात. त्याच पेशी आपल्या शरीराविरुद्ध प्रतिपिंडे बनवू लागल्या की ल्युपससारखे विकार जडतात. म्हणूनच रिटुक्सिमॅब हे औषध अमेरिकेत १९९७ साली लसिकाग्रंथींच्या कर्करोगासाठी मान्य झाले आणि २००६ साली संधिवाताभासाठीही. २००७ मध्ये भारतीय कंपनीने त्याची आपली आवृत्ती बाजारात आणली, तेव्हा ते आपल्याकडील अधिक रुग्णांच्या आवाक्यात आले.

याच वाटेवरचे पुढचे पाऊल आपल्या रायगड जिल्ह्यात पडले. खारघर येथे टाटा स्मारक केंद्राची 'ॲक्ट्रेक' ही संस्था आहे. तेथील अस्थिमज्जा प्रत्यारोपण विभागात ४ जून २०२१ रोजी भारतातील पहिली कार-टी चिकित्सा करण्यात आली. मुंबईच्या आयआयटीतील प्रा. राहुल पुरवार व टाटा केंद्रातील डॉ. हसमुख जैन, डॉ. गौरव नरुला आदींच्या प्रयत्नांतून ही चिकित्सा देशातच विकसित झाली. तिचे नाव 'नेक्सकार-१९'. ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियामकांनी तिला मान्यता दिली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी पवई येथे राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते तिचे लोकार्पण झाले. लेडी मेहेरबाई टाटा यांचे रक्ताच्या कर्करोगाने निधन झाले ते १९३१ साली. त्या दुःखातून पुढे १९४१ मध्ये परळचे टाटा स्मारक रुग्णालय उभे राहिले. त्याच संस्थेच्या आवारात नव्वद वर्षांनी हा उपचार घडला.

या चिकित्सेत रुग्णाच्याच रक्तातून टी-पेशी वेगळ्या काढतात. प्रयोगशाळेत त्यांत नवे जनुक घालून बी-पेशींची खूण ओळखण्याची क्षमता त्यांना देतात, त्यांची संख्या वाढवितात आणि शिरेवाटे त्या पुन्हा रुग्णाच्या शरीरात सोडतात. या पेशी नेमक्या बी-पेशी हुडकून नष्ट करतात. धोकेही आहेत: तीव्र ताप येणे, रक्तदाब घसरणे, रक्तपेशी कमी होणे, जंतुसंसर्ग होणे. ज्यांच्यावर इतर उपचार निष्फळ ठरले अशा रुग्णांवरील चाचण्यांचे निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. मूल्यमापन करता आलेल्या रुग्णांपैकी सुमारे ७३ टक्क्यांना गुण आला. अनेकांमध्ये मात्र काही महिन्यांनी आजार परतला. ही संजीवनी नव्हे. पण जेथे मार्ग संपला होता, तेथे एक मार्ग निघाला.

आता ल्युपसकडे वळू. जर्मनीतील एर्लांगेन येथे प्रा. गेऑर्ग शेट यांनी २०२१ मध्ये हीच पद्धत ल्युपसच्या एका तरुण रुग्णावर वापरली. २०२४ मध्ये त्यांच्या गटाने तीन प्रकारच्या ऑटोइम्यून विकारांच्या १५ रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यांतील ल्युपसच्या आठही रुग्णांचा आजार शमला, आणि पंधराही जणांची प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे थांबविता आली. रुग्णसंख्या लहान आहे, निरीक्षणाचा काळही थोडा आहे. ल्युपससाठी ही चिकित्सा अद्याप नित्याची झालेली नाही आणि ती लागेल असे रुग्णही थोडेच. बहुतेकांना नियमित गोळ्या, उन्हापासून संरक्षण आणि ठरल्या वेळी रक्त-लघवीची तपासणी एवढे पुरेसे ठरते. माझ्या पुतणीलाही तेवढेच पुरले असते.

हिशेबाची बाजू

अमेरिकेत कार-टी चिकित्सेच्या नुसत्या औषधाला काही कोटी रुपये लागतात. आपल्याकडील चिकित्सेची किंमत ३० ते ४० लाखांच्या आसपास सांगितली गेली. म्हणजे सुमारे एक-दशांश. तरीही मध्यम दुकानदारासाठी ही आयुष्याची पुंजी होय. राज्य शासनाच्या महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. त्यापुढील मोठ्या आजारासाठी स्वतंत्र आरोग्य विमा हवाच.

विम्याच्या अर्जातही आपण आजार लपवितो. तसे करू नये. २०२४ मध्ये विमा नियामक प्राधिकरणाने आधीपासूनच्या आजारांसाठीचा कमाल प्रतीक्षाकाळ चार वर्षांवरून तीन वर्षांवर आणला. सलग पाच वर्षे पॉलिसी चालल्यानंतर फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज माहिती दडविल्याच्या कारणावरून दावा नाकारता येत नाही. सांगितलेल्या आजाराला तीन वर्षे थांबावे लागेल, पण लपविलेला आजार नेमक्या गरजेच्या दिवशी दावा बुडवू शकतो. आपल्या संघांचे वैद्यकीय साहाय्य निधी पुष्कळ ठिकाणी आहेत. ते शस्त्रक्रियेइतकेच दीर्घकालीन गोळ्यांसाठी व तपासण्यांसाठीही खुले करावेत, अशी विश्वस्तांना विनंती. महिन्याकाठीचा हा थोडा खर्च पुढचा मोठा खर्च वाचवितो.

घरात काय पाहावे, विवाहात काय सांगावे

सकाळी अर्धा-एक तास सांधे आखडणे, उन्हाने चट्टे उठणे, तोंडात वारंवार व्रण होणे, कारणाविना ताप किंवा निळे डाग येणे, पावलांना सूज येणे, ही लक्षणे आठवडेच्या आठवडे राहिली तर तपासणी करून घ्यावी. हिमोग्लोबिन कमी आले की दर वेळी लोहाचीच कमतरता असते असे नाही. आपण शाकाहारी असल्याने बी-१२ जीवनसत्त्व कमी असण्याचा संभव मोठा. क्वचित जठरातील ऑटोइम्यून विकारामुळे ते शोषलेही जात नाही. तपासल्याविना टॉनिक घेत राहणे योग्य नव्हे.

विवाहाच्या संदर्भात दोन गोष्टींची गल्लत होते. थॅलेसेमिया हा आनुवंशिक रक्तविकार आहे. वधू-वर दोघेही त्याचे वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला तीव्र आजार होण्याची शक्यता चारांत एक. वाहक स्वतः धडधाकट असतो, म्हणून विवाहापूर्वी रक्ततपासणी अगत्याची. आणि एकच जण वाहक असेल तर अडचण नाही. ल्युपस मात्र असा थेट वारशाने उतरत नाही. घराण्यात थोडी प्रवृत्ती असू शकते, पण ल्युपस असलेल्या मातेची बहुसंख्य मुले निरोगी असतात. आजार आटोक्यात असताना, वैद्यकीय देखरेखीखाली मातृत्वही शक्य असते. पहिल्यासाठी तपासणी हवी, दुसऱ्यासाठी प्रांजळ कथन. दोहोंतही मुलीला कमी लेखण्याचे कारण नाही.

पुतणीच्या आजारपणात मी रुग्णालयात जावईबापूंची क्षमा मागितली. ते म्हणाले, "काका, सांगितलं असतं तरी मी हो म्हटलं असतं. गोळी मात्र बंद पडू दिली नसती." या वाक्याला माझ्यापाशी उत्तर नव्हते. आज ते स्वतः रोज रात्री दुकान वाढवून आले की तिच्या हातावर गोळी ठेवतात. गेल्या वर्षी त्यांना कन्यारत्न झाले. माय-लेकी सुखरूप आहेत.

रेवदंड्याहून खारघर मोटारीने काही तासांवर आहे. नवी चिकित्सा इतकी जवळ आली असता आजार माडीवर नेऊन कुजबुजण्याची रीत आपण सोडावी. ज्या घरी असे रुग्ण असतील त्यांनी वैद्यांना सर्व सांगावे, नातेवाइकांना सांगावे आणि सोयरीक ठरविताना समोरच्यांनाही सांगावे. मध्यस्थ म्हणून बसणाऱ्या माझ्यासारख्या वडीलधाऱ्यांवर तर ही जबाबदारी अधिक आहे.

जय जिनेंद्र.