जुगाराचे व्यसन आणि स्वमदत गट : स्वरूप, कार्यपद्धती व मर्यादा

प्रस्तावना :

जुगार ही मानवी समाजातील अतिप्राचीन प्रवृत्ती आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील अक्षसूक्तात (१०.३४) जुगाऱ्याची व्यथा वर्णिलेली आहे. पत्नी दुरावते, सासू द्वेष करते, आई-वडील व भाऊ ओळख नाकारतात. पुन्हा न खेळण्याचा त्याचा निश्चय फाशांचा आवाज कानी पडताच ढळतो. निश्चय प्रामाणिक असूनही तो टिकत नाही, हेच या व्यसनाचे मर्म होय. जेथे एकट्याची शपथ अपुरी पडते तेथे समदुःखी व्यक्तींची नियमित सभा काय साधू शकते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

व्यसनाचे स्वरूप :

अमेरिकन मानसोपचार संघटनेने १९८० मध्ये अनिवार जुगाराची नोंद मानसिक विकारांच्या वर्गीकरणात प्रथम केली. २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत हा विकार मद्य व अमली पदार्थांच्या व्यसनांसमवेत ठेवण्यात आला. तथापि मद्यपानाहून तो एका बाबतीत भिन्न आहे. जुगाऱ्याच्या तोंडाला वास येत नाही की त्याचा तोल जात नाही. त्यामुळे सावकार दारात उभा राहीपर्यंत कुटुंबाला पत्ता नसतो. बक्षीस कधी मिळेल हे अनिश्चित असल्याने खेळण्याची सवय अधिक चिवट बनते आणि गमावलेली रक्कम परत मिळविण्यासाठी खेळणारा अधिकच गमावतो. म्हणजेच पैसा हा येथे व्यसनाचा विषय असतो आणि त्यावरील भ्रामक उपायही तोच असतो.

सभेची कार्यपद्धती :

‘गॅम्ब्लर्स ॲनॉनिमस’ या संघटनेची पहिली सभा १३ सप्टेंबर १९५७ रोजी लॉस एंजेलिस येथे झाली. १९३५ मध्ये सुरू झालेल्या ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’च्या बारा पायऱ्यांचा आधार तिने घेतला. जुगार थांबविण्याची इच्छा ही सदस्यत्वाची एकमेव अट असून त्यासाठी शुल्क नाही. खर्च सदस्यांच्या ऐच्छिक वर्गणीतून भागतो. नवागतास वीस प्रश्न विचारले जातात. अनिवार जुगारी बहुधा त्यांपैकी किमान सातांना होकार देतो. सदस्य पूर्ण नावाने ओळख देत नाहीत. एकजण बोलतो, इतर ऐकतात. उपदेश वा उलटतपासणी होत नाही. घरी प्रत्येक वाक्याचा हिशेब द्यावा लागणाऱ्या व्यक्तीला येथे प्रथमच खरे बोलणे शक्य होते. गुप्तता हा या व्यसनाचा मुख्य आधार असल्याने हे बोलणे हाच उपचाराचा आरंभ ठरतो.

चौथ्या पायरीत नैतिक आत्मपरीक्षणासोबत आर्थिक आत्मपरीक्षणाचाही समावेश आहे. अनुभवी सदस्य नवागतास सर्व कर्जांची यादी करावयास लावतात आणि परतफेडीचा झेपेल असा आराखडा आखून देतात. घरचा पैसा काही काळ जोडीदाराच्या हाती द्यावा, असेही सुचविले जाते. मात्र कुटुंबीयांनी एकरकमी कर्ज फेडून टाकू नये, असा सल्ला असतो. कारण अशी सुटका पुढील डावासाठी भांडवल ठरते. हा सल्ला कठोर वाटला तरी अनुभवसिद्ध आहे. कुटुंबीयांसाठी ‘गॅम-ॲनॉन’ हा स्वतंत्र गट आहे.

मर्यादा :

स्वमदत गट हा रामबाण उपाय नव्हे. स्कॉटलंडमधील २३२ सहभागींच्या, १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एका वर्षानंतर केवळ ८ टक्के व दोन वर्षांनंतर ७ टक्के व्यक्ती पूर्णतः जुगारमुक्त राहिल्याचे आढळले. अनेकजण लवकरच सभांना येणे सोडतात. नैराश्य किंवा आत्महत्येचे विचार असल्यास मानसोपचार अपरिहार्य असतात. सभा त्यांना पूरक आहे, पर्याय नाही.

महाराष्ट्राच्या संदर्भात :

मुंबई प्रांतात जुगार प्रतिबंधक कायदा १८८७ मध्ये झाला. तरीही पुढे मटका फोफावला. २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संमत केला. कायदा दुकान बंद करू शकतो. खेळणाऱ्याच्या मनातील ओढ व डोक्यावरील कर्ज मात्र तसेच राहते. पुण्यात १९८६ मध्ये डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनी स्थापन केलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राने व्यसनाकडे पाप म्हणून न पाहता आजार म्हणून पाहण्याची दृष्टी महाराष्ट्रात रुजविली. तीच दृष्टी जुगाराबाबतही आवश्यक आहे. तातडीच्या मदतीसाठी केंद्र शासनाची ‘टेली-मानस’ (१४४१६) ही सेवा २०२२ पासून उपलब्ध आहे.

समारोप :

अक्षसूक्ताच्या अखेरीस जुगाऱ्याला फासे टाकून शेती करण्याचा उपदेश केलेला आहे. उपदेश योग्यच आहे. परंतु फासे हातातून सुटावेत कसे, हा प्रश्न उरतो. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, आपल्यासारख्याच माणसांसमोर खरे बोलणे आणि पुढील सभेपर्यंत एकेक दिवस जुगाराविना काढणे, हे स्वमदत गटाचे त्यावरील साधे उत्तर आहे. ते सर्वांना पुरेसे ठरत नाही. तथापि ज्याच्यासाठी घरची आणि बाजारातील सर्व दारे बंद झाली आहेत, त्याच्यासाठी एक दार उघडे असणे ही समाजाची जबाबदारी आहे.